अंगाच्या रंगाची लोकर

मिलवॉकी

लाडक्या व्हर्लीन,

थोरल्या बहिणीचे थंडीने गारठलेले आशीर्वाद.

माझी काळजी करू नकोस. कॅन्सरची औषधं संपली, केस परत उगवताहेत, आणि काल मी तळलेली भेंडी दोनदा मागून खाल्ली.

काढलेल्या छातीच्या जागी ब्रामध्ये घालायला दवाखान्याने एक रबरी गोळा दिला होता. डब्यावर लिहिलेलं, 'अंगाच्या रंगाचा'. उघडला तर डुकराच्या पिल्लासारखा गुलाबी. मी नर्सला विचारलं, "बाई, अंग कोणाचं?" ती बिचारी ओशाळली. म्हणाली, आम्ही हाच एक रंग मागवतो.

मग आमच्या चर्चच्या अर्नेस्टीनबाई आल्या. त्यांचंही हेच ऑपरेशन झालंय, आणि आपल्या काळ्या बायकांना त्या मऊ लोकरीचे गोळे विणून देतात. तपकिरी लोकरीचे पाच-सहा गुंडे माझ्या दंडाला लावून बघत बसल्या. म्हणाल्या, "माझ्यापेक्षा उजळ आहेस, पण उगाच चढून जाऊ नकोस." किती महिन्यांनी पोट धरून हसले गं. रविवारी पिवळा झगा घालून गायला उभी राहिले, तर कोणाला काही कळलं नाही. त्या बाईचे उपकार कसे फेडू?

आईचे गुडघे कसे आहेत? आणि छातीच्या तपासणीची गाडी तुमच्या गावात येऊन गेली ना? त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.

थोडी लोकर उरली होती. अर्नेस्टीनबाईंनी सहज विचारलं, बहिणीचा रंगही असाच का? तुझ्यासाठी गोळा विणायची वेळ यायला नको, म्हणून मी गुंडा त्यांच्या हातातून काढून घेतला. त्याची तुला टोपी विणतेय. तू तेवढी छाती तपासून ये.

तुझीच,
ओडेसा