झग्याच्या आत कोण

११ ऑगस्ट
पिल्लं वाढवायच्या केंद्रावर परत तेच. आम्ही चौघी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात, तोंडावर जाळी, हातात करकोच्याचं खोटं डोकं — पिल्लांना आम्ही करकोचेच वाटायला हवं. ओळखू यायचं कारणच नाही. तरी सात नंबरचं पिल्लू मला ओलांडून तुरुतुरु गेलं ते थेट वन्संकडे! अंड्यातून बाहेर येताना त्याच्याशेजारी मी बसले होते. अकरा तास. त्याचं काही नाही.

वन्सं म्हणतात, "अगं, माझी चाल ओळखत असेल." चाल कसली, पाय घासत चालतात.

१४ ऑगस्ट
घरीही तेच. सासूबाई जेवताना — "आमच्या मुलीच्या हातालाच गुण आहे." आमचे हे मान डोलावतात. हे काम मला वन्संनीच लावून दिलं, तेही महिन्यातून दोनदा ऐकायचं.

२६ ऑगस्ट
केंद्राच्या डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं — कुंपणाच्या आत चकार शब्द काढायचा नाही. माणसाच्या आवाजाचा लळा लागला की पिल्लू थंडीआधी रानातल्या थव्याबरोबर दक्षिणेला जाणार नाही. मग जन्मभर पिंजरा. "जी बोलेल, ती त्याच दिवशी घरी."

मनात म्हटलं, मला कशाला सांगताय? माझ्याकडे येतंय कोण?

३० ऑगस्ट
बोलले.

वन्सं रजेवर होत्या. सात नंबरची कोपऱ्यात उभी, दाराकडे डोळे लावून. मी किडे पुढे केले तर मान फिरवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाकून म्हटलं, "ये ना गं बाई, माझ्याकडे ये." ती थबकली. मग आली.

९ सप्टेंबर
रोज थोडं थोडं बोलते. हळू आवाजात. सासूबाईंच्या कागाळ्यासुद्धा सांगते. सात आता माझी पाठ सोडत नाही. आज वन्सं दाणे घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हल्ली विसरली वाटतं मला." मी म्हटलं, "मोठी होतेय ती."

काय गार वाटलं सांगू!

२ ऑक्टोबर
तळ्यावर रानातला थवा उतरलाय. आमची नऊ पिल्लं त्यांच्यात चरतात, सातही. वारा फिरला की निघतील. निघू दे. वन्संच्या हाती तरी लागणार नाही. असलं लिहायला मला लाज कशी वाटत नाही?

११ ऑक्टोबर
सकाळी सगळे उडाले. मी आणि वन्सं कुंपणाबाहेर, झगे काढून, साध्या कपड्यांत. थवा डोक्यावरून दोनदा फिरला. वन्सं रडत होत्या. मलाही भरून आलं — पहिल्यांदाच वाटलं, दोघींची आहे ती. लेकीला निरोप द्यावा तसं तोंडातून गेलं, "जपून जा गं बाई."

सात वळली. बाकीचे पुढे गेले, दिसेनासे झाले. ती खाली उतरली आणि माझ्या पायाशी येऊन उभी राहिली. मी हाकललं. ढेकूळ मारलं. ओरडले. ओरडले तशी आणखी जवळ आली.

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या.

१२ ऑक्टोबर
सात पिंजऱ्यात. डॉक्टरांनी विचारलं, "हिच्याशी कोण बोलत होतं?" वन्संनी हात वर केला. मी माझा केला नाही.