अर्डेलाबाईंचे सहा सेकंद

मंगळ., १३ जाने. २००४, ट्रॉय (अमेरिका)
बर्फ. तरी गेले. ह्यांचं नेहमीचं, "रिटायर झालीस ना, मग बस की घरी." नाही बसत. मंगळवारी वृद्धाश्रमात पुस्तकांची गाडी फिरवायची म्हणजे फिरवायची.
खोली चौदामधल्या अर्डेलाबाई (कृष्णवर्णीय, वय ऐंशी, व्हीलचेअर, लिपस्टिक लालभडक) आज पुस्तक घेईनात. हातात एक पत्र. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर कामं करायच्या, गायच्या, एवढं ठाऊक होतं. बाकीचं आज कळलं. बावन्न साली एका संगीत नाटकात बाईंना मोलकरणीचं काम. नायिका गोरी, दिसायला सुरेख, सुराच्या नावानं आनंद. म्हणून रेकॉर्डवर तिचं गाणं बाईंनी गायलं. रेकॉर्ड धो धो खपली. वर नाव नायिकेचं!
आता तीच गाणी एक कंपनी सीडीवर काढतेय. नाव पुन्हा तिचंच. बाईंनी तक्रार केली, तर हे उत्तर: पुरावा काय?
"पुरावा माझ्या गळ्यात आहे," म्हणाल्या.
माझं डोकं फिरलंय.

मंगळ., २० जाने.
बाईंच्या वतीनं कंपनीला पत्र टाकलं. या आणि ऐका, असं. जरा जास्तच तिखट झालं, असू दे.
मेघनाचा फोन. "आई, व्हाय आर यू गेटिंग इन्व्हॉल्व्ड?" म्हटलं, बाळे, तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मला 'स्यू' म्हणायचे, सुलोचना म्हणायला जड पडतं म्हणून. मी हसून घेतलं. आता नाही घेत.

मंगळ., १७ फेब्रु.
कंपनी नमली. अर्धवट. तेच गाणं आता गाऊन द्या म्हणे, सीडीच्या शेवटी घालू, 'पाहुणी कलाकार' म्हणून. नाव छापणार का विचारलं, तर म्हणे बघू.
मी संतापले. बाई शांत. "येऊ देत त्यांना."
बोलता बोलता सांगितलं, आमच्याकडच्या जुन्या तबकड्यांवर गाणाऱ्या बाया गाणं संपताच आपलं नाव स्वतःच सांगायच्या. आमच्या घरी अशा चार-पाच होत्या. बाई खुर्चीत ताठ झाल्या.
"स्वतः? रेकॉर्डवरच?"
"हो. एकदा कोरलं गेलं की गेलं."
मी निघाले तेव्हा पुस्तक घेतलं, तेही जाडजूड.

मंगळ., ९ मार्च
जेवणाच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग. कंपनीचा एक माणूस, कानाला हेडफोन. की-बोर्डवाला एक. टेबलं भिंतीला लावली. बाईंचा आवाज वर जरा चिरकतो. पण खर्ज! दुसऱ्या कडव्यात एक जागा अशी घेतली की माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. चांगलं मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. सगळं थांबलं. हेडफोनवाला म्हणतो, "मॅम, प्लीज." मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे काय गाण्याची बैठक होती?
बाई मात्र खूश. त्याला म्हणाल्या, "आमच्या चर्चमध्येसुद्धा कोणी गप्प बसून ऐकत नाही. तिला काही बोलायचं नाही."
दुसऱ्या खेपेला तोंडात मफलर कोंबून बसले. गाणं संपलं. रेकॉर्डिंगचं यंत्र बंद करायच्या आत बाई खणखणीत बोलल्या, "आय ॲम अर्डेला मे टॉलिव्हर."
रडले. लपवलं नाही.

मंगळ., २३ मार्च
कंपनीचा फॉर्म आला. शेवटचे सहा सेकंद कापायची परवानगी द्या, खाली सही करा. नाहीतर गाणंच वगळू. मुदत शुक्रवार.
बाईंची भाची आली होती. "साइन इट, आंटी. गाणं तर येईल." आणि मी? मलाही वाटलं, निदान सीडी तरी निघू दे, ऐंशी वर्षांचं माणूस, पुन्हा कधी... म्हटलं, "करून टाका सही."
बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. "तूसुद्धा, सुलोचना?"
घरी येऊन भांडी आपटली. ह्यांना वाटलं त्यांच्यावर राग आहे. वाटू दे. लढायच्या गप्पा मारायच्या आणि वेळ आली की शेपूट घालायचं. लाज वाटते.

शुक्र., २६ मार्च
मंगळवार नसताना गेले. आधी माफी मागितली. "पेन आहे का?" एवढंच म्हणाल्या.
फॉर्म मांडीवर घेऊन परवानगीचं वाक्य खोडलं. बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नावासकट. नाहीतर नको.' सहीची जागा कोरीच ठेवली. अडीच वाजता ऑफिसातून मीच फॅक्स केला.
पाचपर्यंत शेजारी बसून राहिले. फोन नाही. शेवटी न राहवून विचारलं, "गाणं खरंच वगळलं तर?"
बाई आरशात बघून लिपस्टिक लावत होत्या.
"बावन्न सालीही असाच कागद आला होता," म्हणाल्या. "तेव्हा मी सही केली होती."