सूनबाईचा गृहपाठ

३ डिसेंबर, सकाळी ६
जुन्या आवाजानं जाग आली. सातवी ब, माझा इंग्रजीचा तास. बेचाळीस पोरं कविता म्हणतायत आणि मागच्या बाकाची शेवटची ओळ अर्धा ठेका उशिरा. डोळे उघडले तर मंगळवार पेठेत दूधवाल्याची गाडी. असो.
आजपासून कडक शिस्त. सूनबाई मार्ता, माहेर स्पेन, तिकडं पुण्यात स्पॅनिश शिकवते. माझ्या हट्टावरून रोज फोनवर एक वाक्य धाडते, मी वहीत त्याचं इंग्रजी करून धाडतो, ती मार्क देते. संक्रांतीला ती आणि आमचा ऋतुराज येतील तेव्हा अस्खलित बोलणार.

४ डिसेंबर
'बुएन प्रोवेचो.' जेवणाआधी म्हणतात. मी केलं: मे दिस मील बी स्वीट, लाइक मदर्स हँड. दहापैकी चार. शेरा: आबा, आईचा हात वाक्यात नाही. पोरगी हुशार, काव्य जरा कमी.

८ डिसेंबर
चार दिवस वाक्य नाही. परीक्षा असतील. ऋतुराजला विचारलं. चिरंजीव म्हणाले, कामात हाय.

९ डिसेंबर, दुपारी
आज एकदम तीन. बॅकलॉग भरून काढला. 'या नो पुएदो मास. नो एस कुल्पा दे नादिए. कुईदेन्से मुचो.' डिक्शनरी घेऊन बसलो. मला आता होत नाही, कुणाचा दोष नाही, जपून राहा. विरहगीतच. यमक जुळवून पाठवलं: आय कॅन नो मोर, देअर इज नो ब्लेम, टेक केअर, डिअर हार्ट्स, ऑल द सेम. दहापैकी दहा नक्की.
लीलाला अर्थ सांगितला. तिनं गॅस बंद केला. म्हणाली, "अवो, ह्यो धडा न्हाय. पोरीनं निरोप धाडलाय." बायकोला रसग्रहण कधी जमलंच नाही.

११ डिसेंबर
मार्क नाहीत. दोन निळ्या खुणा मात्र आहेत. चांगला पेपर मीही दोनदा वाचायचो.

१२ डिसेंबर
ऋतुराजचा फोन. म्हणाला, आबा, ती वही बंद करा आता. बापाची प्रगती बघवत नाही. मग फोन आईला द्या म्हणाला. लीला बराच वेळ नुसतं हं, हं करत होती. मी शेजारी मोठ्यानं पाठांतर केलं.

१४ डिसेंबर, साडेअकरा
दारात मार्ता. एकटी. रिक्षा थांबवून ठेवलेली. वही तपासायला आली असं समजून मी आत पळालो, घेऊन आलो. तोवर तिनं लीलाच्या हातात लग्नात आम्ही घातलेल्या साजाची डबी ठेवली होती. मराठीतच म्हणाली, "आई, हे तुमचं."
एरवी लीला तिला 'ये गं बाई' म्हणते. आज पदर सावरून म्हणाली, "या, बसा. च्या घेऊन जावा."