भिंतीवरचं ताट

वरकुटे, ता. इंदापूर
६ ऑक्टोबर २०२५

चि. रणजितला आक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

स्वरूपा आणि बाळ मजेत असतील. इथं सासूबाईंचा गुडघा सोडला तर सगळं ठीक. मका काढून झाला. म्हैस आटलीय, त्यामुळं चहा कोराच.

परवा फोनवर तू एकटाच बोललास आणि रागारागानं ठेवूनही दिलास. म्हणून कागद घेतला. फोनवर मला रडू येतं, आणि मी रडले की तू लगेच गाडी काढतोस.

तर रविवारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन येऊ नकोस. भिंत पुसायची नाही.

अरे, चित्र किती छान काढलंयस. तुमच्या कलापथकातली बाकीची पोरं लाल फितीच काढत बसली, आणि तू काढलीस एक बाई आणि एक पोरगा, एका ताटात जेवताना. खाली लिहिलंस, ‘एका ताटात जेवल्यानं एड्स होत नाही.’ माझं नाक जरा लांब झालंय. पण भुवईवरची खोक जिथल्या तिथं. म्हणालास, बाईचा चेहरा काढायचा म्हटलं की हात आपोआप तुझाच काढतो. गाढवा, मला काय कळत नाही? आई खुरपायला गेली की तुला भरवायला मीच होते. ते ताटही आपलंच, काठाला पोचा आलेलं.

गावानं मात्र वेगळंच वाचलं. महिपतीतात्या भिंतीसमोर सगळ्यांदेखत म्हणाले, “सख्ख्या भावानं हिचंच तोंड काढलंय. कायतरी असल्याबिगर न्हाय.” दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीतली पोरं घरून डबे आणायला लागली. माझ्या हातची खिचडी तशीच उरायची. आता बाईंनी मला नुसती झाडलोट करायला सांगितलंय. करते.

तू म्हणतोस, माझ्या बहिणीवर आळ घेतात, एकेकाला माफी मागायला लावतो. रणजित, कुणाला काही मागायला लावू नकोस.

ह्यांना कावीळ नव्हती झाली. ते गेले त्याच महिन्यात माझंही रक्त तपासलं, आणि जे ह्यांना होतं तेच निघालं. दर महिन्याला डोळे दाखवायला बारामतीला जाते असं सांगते ना, ते डोळ्यांसाठी नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. वेळच्या वेळी घेते, तब्येत चांगली आहे, भिऊ नकोस. घरात फक्त सासूबाईंना ठाऊक आहे. त्या अजून माझ्याच हातचं खातात.

येताना तिथल्या तुझ्या घरावरून येते. गॅलरीत बाळाची दुपटी वाळत असतात. वर यावंसं फार वाटतं रे. बाळाला घेतल्यानं काही होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तू तर गावोगाव तेच रंगवत फिरतोस. पण स्वरूपानं एकदा जरी बाळाला मागं ओढलं असतं तर मी कुठं गेले असते? म्हणून स्टँडवरच बसून राहते, गाडी लागेपर्यंत.

तुला यातलं काही माहीत नव्हतं. तू मायेनं काढलंस. जिवाला लावून घेऊ नकोस. आणि आता पुसलंस, तर खाली लिहिलेलंही खोटं होतं असं गाव म्हणेल. निदान तिथं तरी कुणीतरी माझ्याबरोबर जेवतंय. राहू दे ते.

भाऊबीज जवळ आली. एवढा बाप्या झालास तरी दरवर्षी हट्टानं माझ्याच ताटात बसतोस. यंदा एक ताट वाढू की दोन, तेवढं आधी कळव. दोन म्हणालास तरी तुझ्या आवडीचा शिरा करीन, राग धरणार नाही. फक्त ऐन वेळी, घास उचलताना तुझा हात थांबलेला मला बघवायचा नाही.

एका ताटातली तुझी,
आक्का