चार दारांची गाडी

३ मार्च, सोमवार
चिंगीला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात. तीस तारखेला सकाळच्या बसने जाणार. ही स्वयंपाकघरात दोनदा डोळे पुसून आली. मी खंबीर आहे. घरात एकाने तरी असावं लागतं.

लेकीला काय द्यावं यावर ऑफिसात दिवसभर विचार केला. घड्याळ, बॅग, छत्री कोणीही देतं. बापाने हाताने केलेलं द्यावं. आमची जुनी निळी गाडी! चिंगी त्या गाडीच्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झाली. विकली तेव्हा दोन दिवस धड जेवली नव्हती. त्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची, प्लास्टिकची, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी. ऑफिसात टेबलावर ठेवेल. लोक विचारतील, कुणी केली? ती सांगेल, बाबाने.

कोणालाही पत्ता लागू द्यायचा नाही.

५ मार्च, बुधवार
मॉडेलच्या दुकानात गेलो. आमच्या गाडीचं किट निघालेलंच नाही. तिच्याच जातीची दोन दारांची आहे. आमची चार दारांची होती. दुकानदाराने विचारलं, आधी काही केलंय का? म्हटलं, शाळेत असताना विमान केलं होतं. तो म्हणाला, मग खोक्यात आहे तशी जोडा साहेब, बॉडीला हात लावू नका.

माणसाची कुवत चेहऱ्यावरून ओळखता येणं ही एक कला आहे. सगळ्यांना ती नसते.

दोनाची चार दारं करायची म्हणजे काय, तर जुन्या दारांच्या फटी पुट्टीने बुजवायच्या आणि नव्या कोरायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. उरलेले दिवस बारीकसारीक सजावटीला.

८ मार्च, शनिवार
मागच्या खोलीतलं टेबल ताब्यात घेतलं. हिला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. ही म्हणाली, ऑफिसच्या कामाला करवत लागते का? विषय बदलला.

काम सुरू करण्यापूर्वी मापं हवीत. सगळे इथेच घाई करतात. मी जुना फोटो काढला. त्यात चिंगी सात वर्षांची, गाडीला टेकून उभी. तिच्या पायांपुढे झाडाची कुंडी आलीय, पण तिची त्या वर्षीची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहिलेली आहे. फोटोत डोकं बरोबर छताच्या पातळीला. म्हणजे चिंगी एवढी, तर गाडी एवढी. भागिले चोवीस. गणिताचे सर आज असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

निष्कर्ष : किटचं छत चांगलं पाच मिलिमीटर उंच आहे. एवढ्या मोठ्या कंपनीचं, पण चूक ती चूक.

चिंगी दारात येऊन म्हणाली, बाबा, बूट घ्यायला जातेय, येतोस? म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की.

९ मार्च, रविवार
छत उतरवलं. करवतीने खांब कापायचे, त्यांची उंची कमी करायची, छत पुन्हा बसवायचं. खिडक्यांच्या मधले खांब, पुढचे, मागचे, मिळून सहा. पाच सरळ कापले गेले. सहावाही कापला गेला.

एक गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती. पुढचे आणि मागचे खांब तिरके असतात. ते आखूड केले की त्यांची टोकं एकमेकांपासून लांब जातात आणि छत दोन्हींकडे पुरत नाही. पुढे टेकवलं की मागे फट, मागे टेकवलं की पुढे. शेवटी छत मधोमध आडवं कापून लांब केलं. मधल्या फटीत पुट्टी. आता छताचे तुकडे दोन झाले, पण तत्त्वतः ते एकच आहे.

१३ मार्च, गुरुवार
पुट्टी वाळल्यावर आक्रसते. म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. घासताना पुट्टीपेक्षा शेजारचं प्लास्टिक आधी झिजतं. उजव्या बाजूला नवं मागचं दार कोरलं. छान आलं. डाव्या बाजूचं थोडं पुढे आलं. गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कोणालाच दिसत नाहीत.

१५ मार्च, शनिवार
बूट घ्यायला जायचं राहिलं. पुट्टी ओली होती. चिंगी आईबरोबर गेली.

मेव्हणा आला होता. सरळ मागच्या खोलीत घुसला. गाडी हातात घेऊन म्हणाला, दाजी, हिला ठोकलं कुणी? हसलो. अशा वेळी हसावं. म्हणाला, काळजी नको, माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे. हिने त्याला चहाचा दुसरा कप दिला. मला पहिलाही मिळाला नव्हता.

१६ मार्च, रविवार
जेवताना चिंगीला अगदी सहज विचारलं, हा फोटो आठवतो का गं? ती म्हणाली, आठवतो की, तूच मला स्टुलावर उभं केलं होतंस, छतापर्यंत डोकं यायला हवं म्हणून.

स्टुलावर.

जेवता जेवताच मनात पुन्हा हिशेब केला. किटचं छत बरोबर होतं.

चिंगीने विचारलं, का रे, काय झालं? म्हटलं, काही नाही, वरणात मीठ जास्त आहे. ही म्हणाली, आज वरण केलेलंच नाही.

१८ मार्च, मंगळवार
रजा टाकली. साहेब म्हणाले, कारण? म्हटलं, घरगुती. छत चढवण्याचं कारण अर्जात कसं लिहिणार?

छत उतरवण्यापेक्षा चढवणं सोपं असावं. कापलेले खांबांचे तुकडे मात्र घासताना भुगा झाले होते, म्हणून जुन्या टूथब्रशच्या दांड्याचे सहा तुकडे बसवले. पाच एका उंचीचे आहेत. छत आता डाव्या अंगाला जरासं कलतं, वळणावर गाडी कलते तसं. ही गाडी वळणावर आहे असं समजायला हरकत नाही.

पुट्टी लवकर वाळावी म्हणून हिचा हेअर ड्रायर लावला. पुट्टी वाळली. बॉनेट मऊ होऊन खाली बसलं. त्यावर पुट्टी. मग पुन्हा ड्रायर, लांबून. तो चालू असताना चिंगी दाराशी येऊन काहीतरी विचारून गेली. ऐकू आलं नाही. मान हलवली.

१९ मार्च, बुधवार
हिने आज सांगितलं. चिंगीने काल विचारलं होतं : बाबा, मी जाऊ ना खरंच? की नको?

मी मान हलवली ती उभी की आडवी, मलाही आता सांगता येत नाही. ड्रायर हातात असला की मान कशीही हलते. चिंगीला जाऊन विचारलं, काल काय म्हणत होतीस? ती म्हणाली, काही नाही रे, असंच. कपाट आवरत होती. थोडा वेळ उभा राहिलो. मग प्रायमर मारायचा होता.

बोलण्यापेक्षा गाडीच सगळं सांगेल.

२२ मार्च, शनिवार
प्रायमर मारला की सगळे दोष दिसतात असं दुकानदार म्हणाला होता. बरोबर आहे. माणूस जाणकार आहे.

दोष मोजायला बसलो होतो, उठलो.

आज चिंगीच्या मैत्रिणी जेवायला होत्या. बाहेर बराच हशा चालला होता. एकदा माझ्या खोलीचं दार उघडून चिंगी म्हणाली, बाबा, ये ना, ह्यांना तुझी विमानाची गोष्ट सांग. दोन्ही हात पुट्टीचे. म्हटलं, पाच मिनिटांत आलो. गेलो तेव्हा ताटं उचललेली होती.

२३ मार्च, रविवार
रंग. इथे मात्र मी कसूर ठेवली नाही. मॉडेलच्या दुकानातला निळा म्हणजे भलताच. मी खऱ्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेलो आणि आमच्या गाडीची खरी निळी छटा मिसळून स्प्रेच्या डब्यात भरून घेतली. खऱ्या गाडीचा खरा रंग! मेव्हण्याला फोन करून मुद्दाम सांगितलं. दाजी, पत्र्याचा रंग प्लास्टिकला चालतो का, म्हणाला. त्याला काय कळतंय?

दुपारी गच्चीत मारला. पहिली पाच मिनिटं साक्षात आमची गाडी. खरंच. चिंगीला हाक मारणार होतो.

मग रंग आक्रसायला लागला. दुधावर साय धरते तशी सुरकुती आधी बॉनेटवर आली, तिथून दारांवर गेली. पत्र्याचा रंग प्लास्टिक खातो. नव्याने कोरलेली दारं गेली. डावं गेलं ते एका अर्थी बरंच.

हाक मारली नाही.

२६ मार्च, बुधवार
तीन संध्याकाळी नुसतं घासणं. सुरकुत्या गेल्या, सोबत दारांची हँडलं, नंबरप्लेटची जागा आणि एका दिव्याची खोबण. चिंगीने विचारलं, बाबा, हल्ली खोलीत काय करतोस? तिला अजून पत्ता नाही. सगळं घर रंगाने घमघमतंय, चौकटींना निळी बोटं लागलीत, पण पोरगी भोळी आहे.

ही म्हणाली, अहो, तिला सगळं माहीत आहे. पहिल्या आठवड्यापासून. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून विचारते बिचारी.

मला तसं वाटत नाही.

२८ मार्च, शुक्रवार
यावेळी ब्रशने रंगवलं. रेघा आल्यात, पण पावसात उभी राहिलेली गाडी अशीच दिसते. दारं पेनाने आखली. काचा बसवल्या. काचांचं पारदर्शक प्लास्टिक झटपट चिकटणाऱ्या गमने बसवायचं नसतं, वाफेने पांढरं होतं. हे मला आज समजलं. काचा पांढऱ्याफटक. आता मागच्या सीटवर कोण बसलंय ते दिसणार नाही.

उद्याचा आख्खा दिवस आहे.

२९ मार्च, शनिवार
बॉडी खालच्या सांगाड्यावर बसत नाही. सगळं कापून, भरून, तापवून ती पाठीत वाकली आहे. पुढची चाकं जमिनीला, मागची हवेत. उलटही करून पाहिलं.

चिंगी म्हणाली, बाबा, आज तरी आमच्यात बस. म्हटलं, आलोच. ती म्हणाली, बरं.

३० मार्च, रविवार
साडेअकराची बस. सकाळी लवकर उठून शेवटचा हात फिरवत होतो. छताचा डावा कोपरा सुटला. गम लावला, दाबून धरला. दहापर्यंत मोजून सोडणार होतो. सुटेना. अंगठा आणि दोन बोटं छताला चिकटली.

ओढून पाहिलं. गरम पाणी, तेल, साबण झाले. ही म्हणाली, आता असेच चला बसस्टँडवर, लोकांना वाटेल पोरगी गाडी सोडून बसने का चाललीय. मेव्हणा सोडायला आला होता. त्याने भिंतीला डोकं टेकलं आणि खांदे हलवत राहिला. तो रडत नव्हता.

चिंगीने बांधलेली बॅग उघडली. तळातून नेलपॉलिश रिमूव्हर काढलं, कापूस काढला, आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. हात मांडीवर घेतला. हलू नकोस, म्हणाली.

अर्धा तास तरी गेला. मला उठून जाता येत नव्हतं. ती कापूस फिरवत बोलत होती. नव्या खोलीत आणखी एक मुलगी आहे, ती कशी असेल. साहेबीणबाई मुलाखतीत एकदाही हसल्या नाहीत. तिथे चुकलं तर कोणाला विचारायचं. बाबा, मला ना, थोडी भीती वाटते. मला पुष्कळ काही सांगायचं होतं. मी म्हणालो, वेळेवर जेवत जा. ती म्हणाली, हो.

बोटं सुटली. त्याच रिमूव्हरने छतही विरघळलं. त्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा खड्डा उमटला, रेघांसकट. चिंगी आधी हसली. मग हसता हसता नाक पुसायला लागली. त्या खड्ड्यात तिने आपला अंगठा ठेवून पाहिला. म्हणाली, दे, अशीच नेते.

म्हटलं, छे! अशी कशी नेशील? लोक काय म्हणतील? नीट करून आठवड्याभरात पाठवतो.

ती बरं म्हणाली. तिची आई म्हणते तसं.

बस वेळेवर सुटली.

५ एप्रिल, शनिवार
दिलेला शब्द पाळायचा. छत कापून काढलं. इतका सरळ काप आजवर आला नव्हता. जुनं छत केरात. दुकानदाराला फोन केला, नुसतं छत मिळेल का? म्हणाला, अख्खं किट घ्यावं लागेल, आणि साहेब, यावेळी बॉडीला... मी फोन ठेवला.

६ एप्रिल, रविवार
दुपारी चिंगीचा फोन. खोलीतली मुलगी बरी आहे, घोरते. साहेबीणबाई शुक्रवारी हसल्या. मग म्हणाली, बाबा, ऐक. गाडीला आणखी काही करू नकोस. मी सगळ्यांना तुझ्या अंगठ्याचं सांगितलंय. आहे तशीच पाठव, मला तीच हवी.

म्हटलं, पाठवतो.

केराची बादली पाहिली. कचरेवाला सकाळीच येऊन गेला होता. त्याचं आजवर कधी वेळेवर येणं झालेलं नाही.

त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नवं छत आणायचं आणि पुन्हा अंगठा उमटवायचा. अंगठा माझाच आहे. गम आहे. संध्याकाळी कोपऱ्यावरून रिमूव्हरही आणलं. हिला म्हटलं, जरा समोर बसून कापूस फिरवशील का? अर्ध्या तासाचं काम आहे.

हिने गम उचलून कपाटात ठेवला. मग म्हणाली, अहो, झाकण लावा बाटलीला, उडून जाईल.

लावलं.