तीन नंबरचं शटर

४ मार्च, मंगळवार

हमरस्त्यावरची पाहणी एकदाची उरकली. पायांचे तुकडे पडलेत. दुकानांची ती जुनी बैठी रांग पाडून सहा मजले उठणार – वर विद्यार्थ्यांच्या खोल्या, खाली दुकानं. आमच्या खात्याची मंजुरी अडलीय ती माझ्या यादीवर. नियम सरळ आहे. जे दुकान चालू, त्याला नव्या इमारतीत रस्त्याकडे गाळा. जे बंद, त्याला काही नाही.

एक नंबर चष्मेवाला, दोन नंबर वह्या-पेनवाला, चार नंबर चाव्या करणारा – तिघंही चालू. तीन नंबर फ्रेमवाला. शटर खाली, गंजलेलं, कुलूपही गंजलेलं. दोनदा वाजवलं. उत्तर नाही. 'बंद' लिहिलं, फोटो काढला, निघाले.

५ मार्च

साहेब खूश. "तुमच्या यादीवर मी डोळे मिटून सही करतो." बावीस वर्षांत माझी एकही पाहणी परत आलेली नाही, हे मात्र खरं. भाचीला फोन केला – दोन वर्षांत कॉलेजजवळ खोली मिळेल बघ तुला. "मावशी, तोवर माझं कॉलेज संपेल गं." बिचारी दीड तास बसमध्ये उभी असते.

९ मार्च, रविवार

आईने पुन्हा तोच विषय काढला. बाबा गेल्यापासून त्यांचा फोटो आठ महिने फ्रेमवाल्याकडे पडलाय. भावाने टाकला आणि तो गेला आपल्या कामावर परत. आणायचं माझ्या गळ्यात. दर रविवारी मी नवी सबब सांगते. आज तर आयतीच होती. म्हटलं, "अगं, त्याचं दुकान बंद झालंय. मी स्वतः बघून आले."

आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बंद कसं होईल? परवाच फोन आला होता त्याचा. पुढचं शटर चार वर्षं अडकलंय म्हणे, सगळी गिऱ्हाइकं मागच्या बोळातूनच येतात. तूही तिकडूनच जा म्हणाला."

आम्ही पाहणीवाले दुकान रस्त्याकडूनच बघतो. नकाशात दुकानाचं तोंड रस्त्याला, म्हणून आम्हीही तिथेच उभे. बोळ नकाशात आहे की! त्याची रेघ मीच मारलीय.

१० मार्च

दिवसभर फाईल समोर उघडी. गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. फ्रेमवाल्याला कळेल तेव्हा गाळे वाटून झालेले असतील, आणि या वयात तो दुसरीकडे कुठे बस्तान बसवणार? बोलले तर बावीस वर्षांचं नाव मातीत. मला भीती वाटतेय, सरळ लिहायचं तर. चहा तीनदा गार झाला.

११ मार्च

सांगून टाकलं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाटलं, आता खरडपट्टी. पण त्यांनी एवढंच विचारलं, "शटर वाजवलं होतंत ना?"

"हो. दोनदा."

"मग तुमची काय चूक? माणूस आत बसून ओ देत नसेल तर आपण काय भिंतीतून शिरायचं?"

जीव भांड्यात पडला. वर म्हणाले, एवढा प्रामाणिकपणा हल्ली बघायला मिळत नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

१७ मार्च, सोमवार

मंजुरी मिळाली. एकशे चाळीस खोल्या, सहा गाळे. तीन नंबरपुढचं 'बंद' खोडून साहेबांनी 'अनियमित' लिहिलंय. कारण – पाहणीच्या वेळी शटर वाजवूनही प्रतिसाद नाही. अनियमिताला रस्त्याकडे गाळा मिळत नाही. त्याला मागे, सायकली ठेवायच्या जागेला लागून एक खोपट. हरकत घ्यायची तर चोवीस तारखेपर्यंत.

काहीच नसण्यापेक्षा बरं, असं स्वतःला म्हटलं. तसाही तो मागूनच धंदा करतो.



२२ मार्च, शनिवार

शेवटी गेले. बोळातून. दार सताड उघडं, सरसाचा वास, जमिनीवर लाकडाचा भुसा. फ्रेमवाला सत्तरीचा असेल. त्याची बैठक शटरला अगदी चिकटून. पाठ शटरला टेकूनच बसतो. रस्त्यावरून कोणाची चप्पल घासत गेली, तीसुद्धा मला आत ऐकू आली.

त्याने कागदातून बाबांचा फोटो काढला, काच बाहीने पुसली. "नाक तुमच्यावर गेलंय," म्हणाला आणि स्वतःच हसला. मग खिशातून आमच्या खात्याचं पत्र काढलं. मी कुठे कामाला आहे हे त्याला ठाऊक नाही.

"ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता, जरा बघा. यात लिहिलंय, शटर वाजवलं तरी मी ओ दिली नाही. मी तर इथून हलत नाही. शटरला खडा लागला तरी मला कळतं. म्हटलं, म्हातारपण, कान गेले असतील. म्हणून परवा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. ते म्हणाले, कान ठणठणीत आहेत." पत्राची घडी घालत तो म्हणाला, "मग मला ऐकू कसं आलं नाही?"

बघते म्हटलं. फोटो घेऊन घरी आले. अजून कागदातच आहे.

२३ मार्च, रविवार

शटर मी वाजवलंच नव्हतं. आत कोणी असतं तर फोटो घ्यावा लागला असता, आणि घरी आणून भिंतीवर लावावा लागला असता. चार तारखेला या वहीतसुद्धा खोटं लिहिलं.

उद्या हरकतीचा शेवटचा दिवस. अर्ज लिहून झालाय. खाली माझं नाव आहे.