चित्राला खोली हवी

सोमवार, ३

आजपासून मी परीक्षक. सव्विसाव्या वर्षी. आईला फोन केला तर म्हणाली, इतकी वर्षं मी तुझ्या चुका काढल्या, आता तू लोकांच्या काढ.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये स्पर्धेची एकशे बारा कामं भिंतींना टेकवून ठेवलीयत. एकात नुसत्या तारा आहेत, एकात जुने चष्मे चिकटवलेत. मला सगळंच भारी वाटतंय. आम्ही तिघं: अध्यक्ष, म्हणजे शिल्पकार सर, चित्रकलेच्या निवृत्त बाई, आणि कलेवर ब्लॉग लिहिते म्हणून घेतलेली मी. नियम मस्त आहे. प्रत्येक फेरीत प्रत्येक कामाची एक उणीव लिहायची, म्हणजे कलाकाराला सुधारता येईल. मराठीतच लिहायची. तो रकाना रिकामा ठेवला तर कारकून काका फॉर्म घेत नाहीत. मी इंग्लिश मीडियमची, ‘रकाना’ हा शब्दच मला आज कळला.

एकसष्ट नंबर सगळ्यात फालतू. टेबलाशी बसलेला एक माणूस, मागे सपाट राखाडी रंग. मी लिहिलं: उजव्या हातात जोर नाही.

मंगळवार, ४

एकसष्टचा हात बदललाय. शिरा, नखं, मधल्या बोटावर पेनाने पडतो तसा घट्टा. सर म्हणाले, काल तू घाईत पाहिलं असशील. मी म्हटलं, कुणीतरी येऊन रंगवतंय. त्यावर काका दुखावले; किल्ली त्यांच्या कमरेला असते, आणि त्यांना साधा आंबासुद्धा काढता येत नाही म्हणे. बाई हसल्या. नवीन परीक्षकाला पहिल्या दिवशी सगळंच वाईट दिसतं, सासूला सुनेचा स्वयंपाक दिसतो तसं.

डोकं फिरलं माझं. त्यात सकाळपासून उजवा हात मेल्यासारखा झालाय. बटण लागत नाही, कप दोनदा पडला. हे डाव्या हाताने खरडतेय.

बाकी दोघांच्या मार्कांवर एकसष्ट दुसऱ्या फेरीत गेलं. चित्र सपाट आहे, डेप्थच नाही, हे कुणालाच कसं दिसत नाही? डेप्थला मराठी शब्द फोनवर शोधला आणि ऐटीत लिहिलं: चित्राला खोली हवी. बाईंनी विचारलं, भाड्याने की विकत.

बुधवार, ५

राखाडी रंग गेला. माणसाच्या मागे आता खोली आहे. पलंग, हिरवी चादर, तडा गेलेली खिडकीची काच. माझी भाड्याची खोली.

तशीच घरी पळाले. आमच्या मजल्यावर दोन दारं होती. आता एकच आहे, घरमालकीण काकूंचं. बाजूला सपाट राखाडी भिंत. काकूंनी मला ओळखलं नाही. आम्ही कधी खोली भाड्याने दिलीच नाही म्हणाल्या, तुला कोण हवंय बाळ?

ही डायरी पर्समध्ये होती म्हणून वाचली. बाईंकडे झोपायला आलेय.

गुरुवार, ६

सरांना सगळं सांगितलं. त्यांचं उत्तर: चांगल्या चित्रात प्रत्येकाला आपलंच घर दिसतं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एकसष्टला शून्य दिलं. उपयोग काय, दोनास एक. उणिवेत ‘काही नाही’ लिहिलं, काकांनी फॉर्म परत केला. काही नाही ही उणीव होत नाही म्हणे. नुसती रेघ मारली, पुन्हा परत. जुन्या उणिवा खोडून पाहिल्या. हात तसाच.

शेवटी खूप जपून लिहिलं: फ्रेम जरा वाकडी आहे.

शुक्रवार, ७

फ्रेम सरळ झाली. माझी मान डावीकडे कललीय, वळत नाही. बाई म्हणतात, उशी बदलली की होतं असं.

एकसष्टला पहिलं बक्षीस. एकमताने, म्हणे. मी कधी—

शेवटचा फॉर्म. लिहिणार नाही. रंग लिहू? प्रकाश? डोळे तर नाहीच—

सर म्हणाले, किती ताणशील, चारला निकाल आहे. हातापाया पडले त्यांच्या. त्या चित्रासाठी काहीही मागू नका म्हटलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मला पाणी दिलं.

मग सरांनीच भरला. माझ्या वतीने. अगदी साधं लिहिलंय, कुणाला लागणार नाही असं. मी वाचलं.

माणूस एकटा वाटतो. सोबत हवी.

खोडा म्हटलं— काकांनी शिक्का मारलासुद्धा—

या वेळी सकाळपर्यंत थांबलंही नाही. टेबलाशी दुसरी खुर्ची आलीय. रिकामी. तो जरा सरकून—

मी इथेच आहे. त्यांच्यासमोर. आणि बाई सरांना विचारतायत, ती मुलगी कुठे गे